चुन्याचे घर, सिमेंटचे घर

स्कॉटलंडमध्ये ग्लासगो शहराच्या वायव्येस, क्लाइड नदीच्या खाडीकाठी हेलेन्सबर्ग नावाचे एक लहान शहर आहे. त्याच्या वरच्या अंगाला टेकडीवर 'हिल हाऊस' नावाचे करड्या भिंतींचे घर उभे आहे. २०१९ मध्ये या घरावर आणखी एक घर बांधण्यात आले. पोलादी खांबांचा भला मोठा सांगाडा, वर पक्के छत आणि चारही बाजूंना बारीक पोलादी कड्यांची जाळी. या जाळीत तीन कोटींहून अधिक कड्या आहेत. सगळे घर या पेटीच्या आत.

हे कशासाठी? घर वाळावे म्हणून. शंभराहून अधिक वर्षे पावसाचे पाणी पिऊन भिंती इतक्या ओल्या झाल्या होत्या की दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी त्या वाळवणे भाग होते.

आता दुसरे घर पाहू. त्याच देशाच्या ईशान्य भागात, ॲबर्डीनशायर परगण्यात 'क्रेगीव्हार' नावाचा एक उंच गढीवजा वाडा आहे. तो १६२६ मध्ये पुरा झाला, म्हणजे हिल हाऊसपेक्षा जवळजवळ पावणेतीनशे वर्षांनी जुना. पाऊस, वारा आणि हिवाळ्यातला बर्फ त्यानेही सोसला. तरीही तो शतकानुशतके तग धरून राहिला. विसाव्या शतकात मात्र त्याच्याही भिंती ओल धरू लागल्या.

जुने घर टिकले आणि नवे घर आजारी पडले, याचे कारण काय? आणि चांगले टिकलेले जुने घरही पुढे आजारी का पडावे? या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच ठिकाणी सापडते. ते म्हणजे भिंतीवरचा बोट-दोन बोटे जाडीचा गिलावा.

व्यापाऱ्याची गढी

क्रेगीव्हार बांधून पुरा करणारा विल्यम फोर्ब्स हा सरदार नव्हे, तर व्यापारी. बाल्टिक समुद्राकाठच्या डान्झिग बंदराशी (आजचे पोलंडमधील गदान्स्क) त्याचा मोठा व्यापार होता. त्यामुळे लोक त्याला 'डान्झिगचा विली' म्हणत. १६१० मध्ये त्याने हे अर्धवट बांधकाम मॉर्टिमर घराण्याकडून विकत घेतले आणि १६२६ मध्ये ते पूर्णत्वाला नेले. पुढच्याच वर्षी तो वारला.

स्कॉटलंडमध्ये अशा घरांना मनोरा-घरे म्हणतात. जमीनदारांच्या आपसांतील वैरामुळे राहते घरच गढीसारखे बांधण्याची तेथे जुनी रीत होती. पाया थोड्या जागेत, भिंती जाड, खाली खिडक्या कमी आणि लहान, दार एकच. खोल्या शेजारी शेजारी न मांडता एकीवर एक रचलेल्या. क्रेगीव्हारला असे सात मजले आहेत. घराचा आराखडा इंग्रजी 'एल' अक्षरासारखा आहे. दोन बाजू जेथे मिळतात त्या आतल्या कोपऱ्यात दार असते. त्यामुळे दाराशी येणाऱ्यावर दोन्ही बाजूंनी नजर ठेवता येते.

मात्र क्रेगीव्हार बांधला जात होता तोवर काळ बदलला होता. १६०३ मध्ये स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्या गादीवर एकच राजा आला होता. लढाईची भीती पूर्वीइतकी उरली नव्हती. त्यामुळे गढीचा आकार आता संरक्षणापेक्षा प्रतिष्ठेचे चिन्ह झाला होता. क्रेगीव्हारकडे खालून वर पाहत गेले की हे ध्यानात येते. खालचे मजले सरळसोट, कसलीही नक्षी नाही. वरच्या मजल्यांपाशी मात्र दगडी तोड्यांची रांग भिंतीतून बाहेर येते आणि तिच्यावर गोल बुरुजिका, शंकूसारखी छपरे, घुमटीवजा शिखरे उमलतात. एखाद्या झाडाचे खोड साधे आणि माथा बहरलेला असावा, तसे. आतल्या मोठ्या दालनात मात्र सगळी हौस केलेली आहे. छतावर गिलाव्याची उठावदार नक्षी आणि चुलाण्याच्या वर राजचिन्ह.

या सगळ्या रूपाला एकसंध करणारी गोष्ट म्हणजे बाहेरचा गुलाबी गिलावा. तो नसता तर आपल्याला दिसला असता निरनिराळ्या आकारांच्या ओबडधोबड दगडांचा ढीग. कोपरा कुठे संपतो आणि बुरुजिका कुठे सुरू होते, हेही चटकन कळले नसते.

फेकून लावलेला गिलावा

या भागातला दगड म्हणजे ग्रॅनाइट. तो अतिशय कठीण, त्यामुळे घडवायला महाग. म्हणून कोपरे, दारे, खिडक्या आणि तोडे यांपुरता घडीव दगड वापरायचा आणि बाकीची भिंत ओबडधोबड दगडांची रचायची, अशी पद्धत होती. अशा भिंतीत दगडांमधल्या सांधी रुंद असतात. ग्रॅनाइट स्वतः फारसे पाणी पीत नाही, पण सांधी पितात. वाऱ्याच्या जोराने आडवा येणारा पाऊस या सांधींतून आत जातो.

त्यावर स्कॉटिश गवंड्यांचा उपाय म्हणजे 'हार्लिंग'. चुना, जाडी वाळू आणि बारीक खडे यांचे सैलसर मिश्रण करायचे आणि थापीने ते भिंतीवर जोराने फेकायचे. ते लिंपायचे नाही, घोटायचेही नाही. फेकण्याच्या जोरामुळे मिश्रण दगडाच्या खाचाखोचांत घट्ट बसते आणि आत हवा कोंडून राहत नाही. पृष्ठभाग खडबडीत राहतो. वरून चुन्याच्या पातळ निवळीचे, म्हणजे आपण ज्याला सफेदी म्हणतो तिचे, हात दिले जात. तीत मातीचे रंग मिसळले की पिवळी, तांबूस, गुलाबी छटा मिळे.

खडबडीतपणाचा फायदा काय, हा प्रश्न विद्यार्थ्यांना जरूर विचारावा. ओल्या कपड्याची घडी करून ठेवली तर तो लवकर वाळेल की पसरून ठेवला तर? पृष्ठभागाचे क्षेत्रफळ वाढले की बाष्पीभवन वाढते. खड्याखड्यांच्या भिंतीचे खरे क्षेत्रफळ त्याच मापाच्या गुळगुळीत भिंतीपेक्षा बरेच जास्त असते. शिवाय खडे पाण्याची धार एकाच वाटेने वाहू देत नाहीत, ते तिला फोडतात.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. चुन्याचा गिलावा पाणी अडवतो असे नव्हे. तो पाणी शोषून घेतो. पाऊस पडत असताना वरचा थर ओला होतो, आणि पाऊस थांबून वारा सुटला की तेच पाणी वाफ होऊन परत जाते. चुन्याच्या गिलाव्यात सूक्ष्म छिद्रे असतात आणि पाण्याची वाफ त्यांतून सहज ये-जा करते. आपल्याकडचा शेतकरी पावसात घोंगडी पांघरतो. घोंगडी भिजते, जड होते, पण आतला माणूस बराच वेळ कोरडा राहतो आणि उघडीप मिळताच घोंगडी वाळते. चुन्याचा गिलावा हे भिंतीचे घोंगडे आहे.

दगडापासून दगडापर्यंत

चुना हे मोठे नवलाचे द्रव्य आहे. चुनखडीचा दगड म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. भट्टीत साधारण ९०० अंश सेल्सिअसला तो भाजला की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. कळीच्या चुन्यावर पाणी घातले की तो फसफसतो, प्रचंड तापतो आणि त्याचा विरलेला चुना होतो. हा विरलेला चुना वाळूत कालवून भिंतीवर लावला की तो हळूहळू हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि त्याचे पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होते. म्हणजे दगडापासून निघून दगडापाशीच परत. गवंडी भिंतीवर थापी मारतो तेव्हा तो खरे तर पातळ केलेला दगडच फेकत असतो.

क्रेगीव्हारच्या गवंड्यांना हे रसायन नावानिशी ठाऊक नव्हते. ते उलगडले पुढे १३० वर्षांनी, आणि तेही स्कॉटलंडमध्येच. जोसेफ ब्लॅक या शास्त्रज्ञाने चुना आणि मॅग्नेशिया यांवर केलेले प्रयोग १७५६ मध्ये प्रसिद्ध केले. भाजताना कमी होणारे वजन त्याने तराजूवर काळजीपूर्वक मोजले आणि दगडातून एक वायू निघून जातो हे दाखवून दिले. त्या वायूला त्याने 'बद्ध वायू' असे नाव दिले. तोच आपला कार्बन डायऑक्साइड. शाळेत आपण चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर घालतो आणि निवळी दुधाळ होते. क्रेगीव्हारच्या भिंतीवर महिनोन् महिने चाललेली क्रिया तीच. परीक्षानळीत ती मिनिटभरात दिसते एवढाच फरक.

चुन्याचा आणखी एक गुण. भिंत उन्हाने प्रसरण पावते, थंडीने आकुंचन पावते, पाया थोडा खचतो. चुन्याचा गिलावा तुलनेने मऊ असल्यामुळे अशा हालचालीला थोडासा वाकून साथ देतो. त्याला बारीक चीर पडलीच तर पावसाच्या पाण्यात थोडा चुना विरघळतो आणि त्या चिरेत पुन्हा साचून घट्ट होतो. लहान चिरा त्यामुळे आपोआप बुजतात.

अर्थात चुना फुकट काही देत नाही. तो सावकाश घट्ट होतो. हिवाळ्यात त्याचे काम करता येत नाही, कारण घट्ट होण्याआधी त्यातले पाणी गोठले तर गिलावा उखडतो. ठरावीक वर्षांनी सफेदीचा हात द्यावाच लागतो. चुन्याचे घर म्हणजे सतत निगा मागणारे घर.

नवे द्रव्य

पाण्यातही घट्ट होणारा चुना मिळावा ही इंजिनिअरांची जुनी इच्छा होती. १७५०च्या दशकात जॉन स्मीटन हा इंजिनिअर एडिस्टोनचे दीपगृह बांधत होता. समुद्राच्या लाटा सतत आदळणाऱ्या खडकावर साधा चुना कसा टिकणार? त्याने निरनिराळ्या चुनखड्या तपासल्या आणि त्याला आढळले की ज्या चुनखडीत चिकणमातीचा अंश असतो तिचा चुना पाण्याखालीही घट्ट होतो. हा धागा पकडून पुढे अनेकांनी प्रयोग केले. १८२४ मध्ये इंग्लंडमधील लीड्सच्या जोसेफ ॲस्पडिन या गवंड्याने चुनखडी आणि चिकणमाती एकत्र भाजून केलेल्या द्रव्याचे पेटंट घेतले. ते घट्ट झाल्यावर पोर्टलंड बेटावरच्या प्रसिद्ध इमारती दगडासारखे दिसते, म्हणून त्याने त्याला 'पोर्टलंड सिमेंट' असे नाव दिले.

सिमेंट हवेतल्या वायूची वाट पाहत नाही. त्याची क्रिया पाण्याशीच होते आणि ती वेगाने होते. ते चुन्यापेक्षा कितीतरी मजबूत असते आणि फारसे कसब नसलेल्या हातालाही वापरता येते. पूल, बंदरे, धरणे यांसाठी याहून चांगले काय असणार? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिमेंट हे प्रगतीचे द्रव्य झाले होते. तेच घराच्या भिंतीवर आले यात आश्चर्य नाही.

प्रकाशकाचे घर

हिल हाऊस बांधून घेणारा वॉल्टर ब्लॅकी हा ग्लासगोच्या 'ब्लॅकी अँड सन' या प्रकाशनसंस्थेचा मालक. शिक्षकांना हे नाव अगदीच परके नसेल. मुंबईच्या फोर्ट भागात या संस्थेचे कार्यालय होते आणि जुन्या शाळांच्या ग्रंथालयांत तिचा शिक्का असलेली इंग्रजी पुस्तके आजही सापडू शकतात. संस्थेच्या पुस्तकांची सजावट पाहणाऱ्या टॅल्विन मॉरिस या चित्रकाराने ब्लॅकीला एका तरुण वास्तुशिल्पीचे नाव सुचवले : चार्ल्स रेनी मॅकिन्टॉश (१८६८–१९२८).

ब्लॅकीने आपली आवड आधीच सांगितली होती. विटा, लाकडी तुळया आणि लाल कौले अशी त्या काळी लोकप्रिय असलेली इंग्रजी धाटणी त्याला नको होती. त्याला हव्या होत्या करड्या खडबडीत भिंती आणि पाटीच्या दगडाचे छप्पर. घराचे सौंदर्य चिकटवलेल्या नक्षीतून नव्हे, तर त्याच्या निरनिराळ्या भागांच्या रचनेतून यावे, अशी त्याची अपेक्षा होती. मॅकिन्टॉशला हे मनापासून पटले. १८९१ मध्येच त्याने स्कॉटलंडच्या जुन्या गढ्यांच्या वास्तुकलेवर ग्लासगोत व्याख्यान दिले होते. आपल्या देशाच्या हवामानातून आणि दगडातून उगवलेली ही शैली आहे, ग्रीस किंवा रोमहून आणलेली नाही, याचा त्याला अभिमान होता.

१९०२ ते १९०४ या काळात घर बांधले गेले. मॅकिन्टॉशने आधी आतल्या खोल्यांचे आराखडे दाखवले आणि ते पसंत पडल्यावर मगच घर बाहेरून कसे दिसेल ते दाखवले. माणसे कशी राहतात यावरून खोल्या ठरल्या आणि खोल्यांवरून बाहेरचा आकार. म्हणून खिडक्या एका ओळीत नाहीत. जेथे जेवढा उजेड हवा तेथे तेवढी खिडकी. आत प्रवेशदालन गडद लाकडाचे, तर बैठकीची खोली आणि निजण्याची खोली पांढऱ्या शुभ्र, गुलाबाच्या आकृतींनी सजवलेल्या. खुर्च्या, दिवे, कपाटे हेही त्यानेच रेखाटले. पत्नी मार्गारेट मॅकडोनल्ड ही स्वतः नामवंत चित्रकार. तिचे काम या घरात जागोजागी आहे.

क्रेगीव्हार आणि हिल हाऊस यांची चित्रे शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. तोच 'एल'सारखा आराखडा, तोच कोपऱ्यातला गोल जिन्याचा बुरूज, त्याच उंच साध्या भिंती. नातवाच्या चेहऱ्यात आजोबा दिसावेत, तसे. मात्र भिंतीवरचे द्रव्य बदलले होते. मॅकिन्टॉशने खडबडीत गिलावा केला, पण तो चुन्याऐवजी पोर्टलंड सिमेंटचा. रूप गढीचे घेतले, पण रसायन सोडले.

पाणी आत आले, बाहेर जाईना

त्याबरोबर आणखी एक बदल झाला. भिंतींचा आकार स्वच्छ, अखंड दिसावा म्हणून मॅकिन्टॉशने पाणी झटकणारे पारंपरिक तपशील गाळले. वळचण पुढे काढली नाही. भिंतींच्या माथ्यावर दगडी टोपण न बसवता गिलावाच वरून वळवून घेतला. जुन्या गवंड्याने असे केले नसते, पण सिमेंट पाणी आत येऊच देणार नाही असा विश्वास असेल तर टोपणाची गरज काय?

हेलेन्सबर्गला वर्षातल्या जवळपास निम्म्या दिवशी पाऊस असतो. आपल्यासारखे चार महिने पाऊस आणि आठ महिने उघडीप असे तेथे नाही. सिमेंटचा थर कडक आणि आतली भिंत मात्र दिवसरात्रीच्या तापमानाबरोबर हलणारी. त्यामुळे थराला केसासारख्या बारीक चिरा पडल्या. केशाकर्षणाचा नियम आपण शिकवतो : नळी जितकी बारीक तितके पाणी अधिक ओढले जाते. त्या बारीक चिरांनी पाणी आत खेचले. आत गेलेल्या पाण्याला बाहेर पडायला मात्र अखंड भिंतीचा पृष्ठभाग मोकळा नव्हता, कारण सिमेंटमधून वाफ सहज जात नाही. घोंगडीच्या जागी फाटके प्लास्टिक आले. आलेले पाणी आतच राहिले. पुढे वाट मिळाली ती घराच्या आत, लाकडाकडे आणि रंगवलेल्या भिंतींकडे. हिवाळ्यात तेच पाणी गोठले. पाण्याचा बर्फ होताना आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. चिरा रुंदावल्या, आणखी पाणी आले.

दोष सगळा मॅकिन्टॉशचा म्हणावा का? आम्हाला तसे वाटत नाही. १९०२ मध्ये सिमेंटच्या गिलाव्याचा शंभर वर्षांचा अनुभव कोणाजवळच नव्हता. तो अनुभव जगाला मिळाला तो अशाच घरांमुळे.

आणि क्रेगीव्हारचे काय? जी चूक १९०२ मध्ये क्षम्य होती तीच पुढे विसाव्या शतकात डोळे मिटून केली गेली. जुन्या इमारतींची दुरुस्ती 'पक्की' व्हावी म्हणून ठिकठिकाणी चुन्याच्या जागी सिमेंट आले. क्रेगीव्हारच्या अंगावरही सिमेंटचे हार्लिंग चढले आणि शतकानुशतके श्वास घेणारी भिंत कोंडली गेली.

दोन निर्णय

दोन्ही घरे आज 'नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड' या संस्थेकडे आहेत. क्रेगीव्हार १९६३ मध्ये तिच्याकडे आला, हिल हाऊस १९८२ मध्ये. रोग एकच असला तरी उपचार एकच असू शकत नव्हता.

क्रेगीव्हारचा निर्णय त्यामानाने सोपा होता. सिमेंट हा मूळ वास्तूचा भाग नव्हता, नंतरची भर होती. २००७ ते २०१० या काळात परातींची चौकट उभारून ते सगळे काढण्यात आले आणि भिंतींना पुन्हा चुन्याचे हार्लिंग करण्यात आले. त्यासाठी चुन्याचे काम येणारे हात हवेत. सुदैवाने ते तयार होऊ लागले होते. फाइफ परगण्यातील चार्ल्सटाउन येथे अठराव्या शतकात चुन्याच्या मोठ्या भट्ट्या सुरू झाल्या होत्या. त्याच गावात १९९४ पासून 'स्कॉटिश लाइम सेंटर' ही संस्था विसरत चाललेली ही विद्या गवंड्यांना शिकवते आहे.

हिल हाऊसपुढचा पेच मात्र खरोखरच अवघड आहे. तेथे सिमेंट हेच मूळ द्रव्य आहे. ते मॅकिन्टॉशने स्वतः निवडलेले आहे. ते ठेवावे तर घर आतून सडते. ते काढून चुना लावावा तर घर वाचेल, पण आपण जतन काय केले? मॅकिन्टॉशचे घर की त्याची प्रतिकृती? एका पक्षाला वस्तूतले द्रव्य महत्त्वाचे वाटते, दुसऱ्याला कलावंताने कल्पिलेले रूप. दोन्ही बाजू खऱ्या आहेत, आणि प्रयोगशाळेतून याचे उत्तर निघत नाही. प्रयोगशाळा फक्त इतकेच सांगू शकते की कोणता गिलावा किती पाणी घेतो आणि किती सोडतो.

विचार करायला वेळ मिळावा म्हणून ती पेटी बांधली. 'कारमोडी ग्रोर्क' या वास्तुशिल्पींनी ती रचली. छत पाऊस अडवते, जाळीतून वारा खेळतो आणि भिंती हळूहळू वाळतात. प्रेक्षकांना पेटीतल्या पुलांवरून घराच्या छपराभोवती फिरता येते. कोकणातल्या वाचकाला ही कल्पना नवी वाटणार नाही. पावसाळ्याच्या तोंडावर मातीच्या भिंतींना नारळाची झापे बांधतात ना? पेटी म्हणजे पोलादाची झापे!

लोकांच्या डोळ्यांना सवय कशाची झाली आहे, हाही प्रश्न असतोच. एकोणिसाव्या शतकात 'खरा दगड दिसला पाहिजे' या हौसेने अनेक स्कॉटिश इमारतींचे हार्लिंग खरवडून काढले गेले. स्टर्लिंगच्या किल्ल्यातील मोठ्या दालनाची दुरुस्ती १९९९ मध्ये पुरी झाली आणि त्याला पूर्वीसारखा गिलावा आणि सोनेरी पिवळी सफेदी दिली गेली, तेव्हा अनेकांना तो रंग भडक वाटला. उघडा करडा दगड हेच जुने रूप, असे त्यांना वाटत होते. खरे तर जुने रूप रंगीत होते.

आपल्या गावात

चुन्याची विद्या आपल्याकडेही होती. देशावर चुनखडीचा, किनाऱ्यावर शिंपल्यांचा चुना भाजला जाई. अनेक किल्ल्यांवर चुन्याच्या घाणीचे दगडी वर्तुळ आणि तिचे जड चाक अजून पडलेले दिसते. बैल ते चाक फिरवत आणि चुना-वाळू मळून निघे. वाडे, देवळे, तट याच चुन्यात बांधलेले आहेत. आज त्यांची डागडुजी करताना दगडांच्या सांधींत सिमेंट भरले जाते किंवा भिंतीला तैलरंग दिला जातो. हेतू चांगला असतो. काही वर्षांनी ओल वर चढते, लोणा फुटतो, पोपडे निघतात आणि मग आणखी सिमेंट लावले जाते. सिमेंट वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. सिमेंटच्या इमारतीत ते योग्यच आहे. पण चुन्यात बांधलेल्या भिंतीला ते लावण्यापूर्वी एक प्रश्न विचारायला हवा : या भिंतीत आलेले पाणी बाहेर कुठून जाणार?

वर्गात करून पहा

एकाच भट्टीच्या तीन सारख्या विटा घ्या. पहिली तशीच ठेवा. दुसरीला सर्व बाजूंनी एक भाग विरलेला चुना आणि तीन भाग वाळू यांचा पातळ गिलावा करा. तिसरीला तेवढ्याच जाडीचा, त्याच प्रमाणात सिमेंट आणि वाळू यांचा गिलावा करा. कळीचा चुना वर्गात विरवू नका, तो उकळून अंगावर उडतो. विरलेलाच चुना आणा, आणि तो डोळ्यांत जाणार नाही याची काळजी घ्या. काम शिक्षकांच्या देखरेखीखालीच व्हावे.

सिमेंटच्या विटेवर आठवडाभर पाणी मारा. चुन्याच्या विटेवर हलका शिडकावा करत ती सावलीत ठेवा. एक महिना थांबा. मग तिन्ही विटा पूर्ण वाळवून त्यांची वजने करा. एक दिवस पाण्यात बुडवून पुन्हा वजने करा. त्यानंतर त्या हवेशीर जागी ठेवून रोज एकाच वेळी वजन नोंदवा आणि दिवस व वजन यांचा आलेख काढा. कोणत्या विटेने किती पाणी घेतले? त्यातले निम्मे पाणी सोडायला कोणत्या विटेला किती दिवस लागले? पुढच्या खेपेस सिमेंटच्या विटेच्या गिलाव्याला मुद्दाम एक बारीक चीर पाडून तोच प्रयोग करा.

आलेख झाला की विद्यार्थ्यांना गावातल्या एखाद्या जुन्या भिंतीपाशी न्या. तिच्यावर कोणता गिलावा आहे, ओल कुठपर्यंत चढली आहे, पागोळ्या कुठे पडतात, हे त्यांना टिपू द्या. आणि चुन्यात काम केलेले एखादे वयस्क गवंडी गावात असतील तर त्यांना शाळेत बोलवा. जे आपल्या पुस्तकात एका समीकरणात आहे, ते त्यांच्या हातात आहे.